माळाची बाजू

चेन्नईत एग्मोर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक मराठी कुटुंब राहत होतं. आजोबा दक्षिण रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि नात इतिहासात एम.ए. करून नुकतीच लिहू लागलेली. जंगलांवर लिहायचं, हे तिचं पक्कं होतं. पोट कशावर भरायचं, हे मात्र ठरत नव्हतं. अशात एक काम चालून आलं. शहराबाहेरच्या पडीक माळावर एक कंपनी हजारो झाडं लावणार होती, त्याची पुस्तिका लिहायची. मानधन भरघोस होतं. काय लिहायचं तेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं: आधी उजाड जमीन, मग खड्डे, मग हिरवं रान.

आजोबांनी विचारलं, "माळ बघून आलीस?"

"त्यांनी फोटो पाठवलेत, आजोबा."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पँथिऑन रोडवर कॉनेमारा ग्रंथालयात घेऊन गेले. १८९६ साली उघडलेली ही वास्तू सरकारी संग्रहालयाच्या आवारात आहे. तेच संग्रहालय, ज्याचे पहिले प्रमुख डॉ. एडवर्ड बाल्फोर यांनी १८५० च्या सुमारास झाडं, पाऊस आणि ओल यांच्या नात्यावर टिपण लिहून मद्रास सरकारला विचार करायला लावलं होतं. जंगल राखण्याचं लेखन या आवाराला नवं नाही.

आजोबांनी दोन पुस्तकं मागवली. एक म्हणजे एम. कृष्णन यांच्या लेखांचा संग्रह, रामचंद्र गुहा यांनी संपादित केलेला. दुसरं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ मध्ये छापलेलं, द्वीपकल्पीय भारतातल्या मोठ्या सस्तन प्राण्यांचं कृष्णन यांनी केलेलं सर्वेक्षण.

"हा माणूस आपल्याच शहरातला," आजोबा हलक्या आवाजात सांगू लागले. "तमिळ कादंबरीकार माधवय्या यांचा धाकटा मुलगा, जन्म १९१२ चा. वनस्पतिशास्त्र शिकला, वकिलीची पदवी घेतली, पण कोर्टात रमला नाही. बायको इंदुमती, माहेरची हसबनीस. नोकरीही लागली ती मराठी राजाकडे. बेल्लारीजवळ संडूरला घोरपड्यांचं छोटं संस्थान होतं. तिथे याने शाळेत शिकवलं, न्यायाधीशाचं काम केलं, महाराजांचा राजकीय सचिवही झाला. आणि मोकळा वेळ मिळेल तेव्हा डोंगरांत हिंडला."

१९४९ मध्ये संडूर विलीन झालं. संसार होता, पदवी होती, राज्यकारभाराचा अनुभव होता. अशा माणसाने सरकारी नोकरी धरली असती तर कुणी नवल केलं नसतं. कृष्णन यांनी ती धरली नाही. मद्रासला परतून त्यांनी लेखणी, कॅमेरा आणि चित्रकला यांच्यावर घर चालवायचं ठरवलं. १९५० पासून कोलकात्याच्या 'द स्टेट्समन'मध्ये त्यांचं सदर सुरू झालं, दर पंधरा दिवसांनी एक. त्यात वाघ-हत्ती होते, तसेच कावळे, खारी आणि भिंतीवरच्या पालीही होत्या. फोटो काळे-पांढरेच काढायचे, तेही निरनिराळे भाग जोडून स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने. १९६८ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली आणि त्या मोठ्या सर्वेक्षणाला बळ आलं. पद्मश्रीही मिळाली. सदर मात्र पहिल्यासारखंच चालू राहिलं.

नात वाचत राहिली. बाहेरून आणलेल्या झाडांनी देशी झाडोरा मारू नका, हे कृष्णन यांनी पुन्हा पुन्हा मांडलं आहे. ज्या काळात झाड म्हणजे पुण्य, मग ते कुठलंही असो, असं सगळेच म्हणत होते, त्या काळात हे लिहायला धीर लागतो. असा धीर उसना मिळत नाही. जो स्वतः पायी हिंडला आहे, त्यालाच तो येतो.

ग्रंथालयातून बाहेर पडताना ती म्हणाली, "आजोबा, उद्या पहाटे माळावर जाऊ या?"

वैशाखाचे दिवस होते. माळ खरोखरच ओसाड दिसत होता. पिवळं कुसळी गवत, बोरीची खुरटी झुडपं, मुरूम. ती दहा पावलं गेली नाही तोच टिटवीने डोक्यावर घिरट्या घालत कोलाहल मांडला. ती जागीच थांबली. पायापासून वीतभर अंतरावर, नुसत्या खळग्यात, चार अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, भोवतालच्या खड्यांत बेमालूम मिसळलेली. ना काडी, ना पान. टिटवीला उघडीच जमीन लागते. पुढे एक चंडोल गात सरळ वर चढत गेला आणि गवतात उतरला. बोरीखाली मुंगसाचे ताजे पाय उमटले होते. फोटोंत यातलं काहीच नव्हतं.

तिने कंपनीला पत्र लिहिलं: ही जमीन उजाड नाही, त्यामुळे ती उजाड आहे असं मी लिहू शकत नाही. झाडं लावायचीच असतील तर कुंपणाच्या कडेने आणि इथलीच लावा, मधला माळ मोकळा ठेवा. उत्तर दोन ओळींचं आलं. काम दुसऱ्याला दिलं गेलं आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळभर खड्डे खणले गेले.

तिने त्या पहाटेवर मराठीत लेख लिहिला. पुण्याच्या एका छोट्या मासिकाने तो छापला, मानधन नाममात्र. आजोबांनी अंक दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "पुढचा कधी?"

"पंधरा दिवसांत," ती म्हणाली, आणि लिहायला बसली.

कृष्णन यांचं सदर सेहेचाळीस वर्षं चाललं. शेवटचा लेख १८ फेब्रुवारी १९९६ रोजी छापून आला, आणि त्याच दिवशी ते गेले.

आपल्याकडे महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी आणि कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी असेच माळ राखावे लागले आहेत. तुमच्या गावाच्या माळावर या जुलैत कुणी खड्डे खणायला निघालं, तर फावडं हातात घेण्याआधी एका पहाटे तिथे पायी जाऊन या, आणि दिसेल ते लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा.