उभे राहावे की बसावे?

मराठीत उमेदवार निवडणुकीला 'उभा' राहतो आणि माघार घेतली की 'बसतो'. बसला तर लोक विचारतात, कितीत बसला? नाही बसला तर विचारतात, याला उभा कोणी केला? निवडून येण्याची शक्यता नसलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एवढीच चौकशी होते. आम्हाला निराळीच चौकशी करावीशी वाटते. ज्याचा पराभव दिसतो आहे, त्याने मैदान सोडणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे काय? असल्यास ते कोणाप्रती?

खानदेशातल्या मुसलमानांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. जळगाव असो की धुळे, निवडणूक लागली की मोहल्ल्यातल्या कोणा तरी होतकरू माणसाकडे चार वडीलधारी मंडळी जातात आणि म्हणतात, "मियाँ, बैठ जाओ. वोट मत काटो." सांगणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. त्यांच्या हिशेबातही तथ्य असते, हे आधीच कबूल केले पाहिजे.

२००९ ची धुळे लोकसभा घ्या. भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरीशभाई पटेलांवर सुमारे १९ हजार मतांनी विजयी झाले. तिसऱ्या क्रमांकावर होते जनता दलाचे साथी निहाल अहमद, मते ७२ हजारांवर. यांतल्या दर तीन माणसांमागे एकाने जरी पटेलांना मत दिले असते, तर निकाल फिरला असता. पण निहालभाई म्हणजे कोणी भाड्याने उभा केलेला डमी नव्हता. राज्याचे मंत्री, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि बाबरी मशीद पाडली गेल्यापासून निषेधाची काळी फीत बांधून वावरणारा माणूस. शिवाय त्या वर्षाची एक गोष्ट विसरली जाते. तोवर मालेगाव हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. मतदारसंघांची फेररचना झाली, मालेगाव धुळ्याला जोडले गेले, जागा खुली झाली, आणि त्या गावाला आपला माणूस आपल्याच मतदारसंघातून लोकसभेला उभा करण्याची संधी मिळाली. त्याच वेळी त्याला सांगायचे की बाबा, तू बस? त्याच निवडणुकीत अनिल गोटे यांनीही ५० हजारांवर मते घेतली होती. पण मतविभागणीचा विषय निघाला की बोट वळते ते निहालभाईंकडेच.

आमचा खरा आक्षेप इथे आहे. बसण्याचा उपदेश सर्वांना सारखा होत नाही. २०१९ मध्ये धुळे शहरातून एमआयएमचे फारुक शहा ४६ हजारांवर मते घेऊन आमदार झाले. दुसऱ्या क्रमांकावरचे राजवर्धन कदमबांडे ३,३०७ मतांनी मागे राहिले आणि तिसरे अनिल गोटे त्यांच्यापासून हजारभर मतांच्या अंतरावर होते. तिथे मते कोणाची फुटली, हे धुळ्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी कदमबांडे किंवा गोटे यांनी समाजासाठी बसायला हवे होते, असा उपदेश केलेला आमच्या ऐकिवात नाही. मग २०२४ आले. भाजपचे अनुप अग्रवाल ४५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. गोटे यांची सारी मते शहांच्या पारड्यात टाकली असती तरी ते अंतर भरले नसते. म्हणजे बसण्याने नेहमी काही साधतेच असेही नाही.

आणि साधले तरी पुढे काय होते, हे जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरने दाखवले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीने आपल्या उमेदवाराला माघार घ्यायला लावली आणि शिवसेनेचे बंडखोर अपक्ष चंद्रकांत पाटील यांना पाठिंबा दिला. पाटील १,९५७ मतांनी जिंकले; भाजपच्या रोहिणी खडसे हरल्या. माघारीचे याहून यशस्वी उदाहरण दाखवणे कठीण. पण वर्षभरात एकनाथ खडसेच राष्ट्रवादीत आले. २०२२ मध्ये पाटील शिंदे गटात गेले, आणि २०२४ मध्ये रोहिणीताई शरद पवारांच्या पक्षाकडून त्याच पाटलांविरुद्ध लढून हरल्या. ज्या मतदाराने २०१९ मध्ये पक्षाचे ऐकून आपले मत दुसऱ्याच्या पदरात घातले, त्याने हा हिशेब कोणाकडे मागावा?

मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताला शहादत म्हटले आहे, म्हणजे साक्ष. शिवाय शिफारस आणि वकालतही. मत साक्ष असेल तर ते उमेदवाराच्या खिशातले नाणे नव्हे, की त्याने काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवावे. आमच्या परंपरेत दोन भावांची आठवण प्रत्येक घरात आहे. हिजरी ४१ मध्ये इमाम हसन यांनी रक्तपात टळावा म्हणून खिलाफत सोडली, मुआवियांशी तह केला आणि तहात अटी घातल्या. हिजरी ६१ मध्ये धाकटे इमाम हुसैन संख्याबळ दिसत असूनही मागे हटले नाहीत. आजच्या उमेदवारांना त्या थोरांच्या पंक्तीला बसवण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या समाजाने दोघांनाही मान दिला, त्याने बसणाऱ्याला विकला गेला आणि उभ्या राहणाऱ्याला दलाल म्हणण्याची घाई करू नये.

हसन यांच्या तहातली अट आम्हाला महत्त्वाची वाटते. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना पक्षांतर्गत निवडणूक महिनोन्‌महिने राज्याराज्यांतून चालते. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स मागे पडले होते, तरी जुलैपर्यंत त्यांनी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला नाही. आणि दिला तेव्हा ताशी १५ डॉलर किमान वेतनाची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात उतरली होती. २०२० मध्ये बुटिजेज आणि क्लोबुचर मोठ्या मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत बसले, तेही सगळ्यांसमोर. आपल्याकडे माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत मुदत. त्यानंतर नाव यंत्रावर राहतेच. छाननीपासून त्या दुपारपर्यंत मोजके दिवस मिळतात आणि बोलणी होतात ती रात्री, बंद खोलीत. पैसे घेऊन माघार घेणे हा कायद्याने भ्रष्टाचार आहे. पण काहीही न घेता, मतदारांना न विचारता, नेत्याच्या एका फोनवर बसणे याला आपण समंजसपणा म्हणतो! आमच्या मते दोन्हींत मतदाराची फसवणूक सारखीच आहे.

मागे पडलेल्याचे कर्तव्य आहे ते आपल्या मतदारांप्रती. त्यांना जे सर्वांत नकोसे आहे तेच आपल्यामुळे होणार, हे स्पष्ट दिसत असेल तर त्याने बसावे. पण मोहल्ल्यात सभा घेऊन, कशाच्या बदल्यात बसतो ते सांगून. आणि 'बैठ जाओ' म्हणणाऱ्या मोठ्या पक्षाने आपण पुढच्या वेळी कोणत्या जागेवर बसणार, ते त्याच सभेत सांगावे.

मतदाराला हिशेब कळत नाही, ही समजूतही सोडायला हवी. २०२४ च्या लोकसभेला वंचित आघाडीचे माजी पोलीस अधिकारी अब्दुर रहमान यांचा अर्ज छाननीतच बाद झाला. काँग्रेसच्या शोभा बच्छाव पाच विधानसभा क्षेत्रांत मागे होत्या. एकट्या मालेगाव मध्यने सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. त्याच मालेगाव मध्यमध्ये सहा महिन्यांत विधानसभा झाली. मुफ्ती इस्माईल आसिफ शेख यांच्यापुढे अवघ्या १६२ मतांनी राहिले. तिसऱ्या होत्या समाजवादी पक्षाच्या शान-ए-हिंद, निहालभाईंच्या कन्या. मते नऊ हजारांवर. त्यांनी बसायला हवे होते, असे म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.