गाडी विकताना चौथे शील कोठे जाते?

धम्मबांधवहो, आज आपणापुढे एक साधा प्रश्न ठेवतो. आपली एखादी वस्तू विकताना तोंडातून एकही खोटा शब्द गेला नाही, तरीही आपण खोटे बोललो असे होऊ शकते काय? आपल्या घरात रोज पंचशील म्हटले जाते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणून उत्तराची घाई करू नका. आधी एका मोटारसायकलची हकीकत ऐका.

१९८३ साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने ‘राजदूत ३५०’ ही गाडी बाजारात आणली. मूळ जपानी गाडी आरडी ३५०. परदेशात तिचा जमाना सत्तरीच्या दशकाच्या मध्यालाच सरला होता. आपल्याकडे ती नवलाई म्हणून आली. ३४७ सी.सी., दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि सुरुवातीच्या गाडीत सुमारे तीस अश्वशक्ती! आपल्या गावरस्त्यांना तोवर बुलेट, येझदी आणि १७५ ची जुनी राजदूत एवढीच ओळख होती. त्यांच्या शेजारी ही गाडी म्हणजे बैलजोडीच्या शेजारी शर्यतीचे घोडे.

परंतु ती चालवणे सोपे नव्हते. हळू चालवली तर ती कुरकुरे, धूर ओके. इंजिनाचे फेरे एका ठिकाणापर्यंत चढले की एकाएकी सगळी ताकद अंगावर येई आणि पुढचे चाक उचलू पाही. टू-स्ट्रोक इंजिनाची एक खोड असते. मूठ सोडली तरी ते गाडीला फारसे रोखून धरत नाही. रोखायचे ते ब्रेकनेच. आणि जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला जो डिस्क ब्रेक होता, त्याच्या जागी आपल्याकडच्या गाडीला ड्रम ब्रेक होता. पेट्रोल म्हणाल तर लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक गाडी लिटरला ऐंशी किलोमीटर जाण्याची जाहिरात घेऊन आली आणि हिशेबी माणूस तिकडे वळला. त्याच साली आलेल्या आरएक्स १०० ने वेगाची हौस थोडक्यात भागवली. १९९० च्या सुमारास साडेतीनशेचे उत्पादन थांबले. आज मात्र त्याच गाडीला लाखांत किंमत मागतात. मागणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती पावसात चालवली आहे, हे विचारू नये!

आता आपण म्हणाल, मालकाची निराशा झाली म्हणजे त्याला कोणी फसवले असेल. मला तसे वाटत नाही. जर्मनीत १९७५ साली पोर्शे कंपनीची ९११ टर्बो ही मोटार आली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. टर्बोची ताकद आधी येत नसे आणि मग धक्क्याने येई. वळणावर घाबरून पाय उचलला की गाडीचे शेपूट गर्रकन पुढे. लोकांनी तिला ‘विधवा करणारी’ असे नाव पाडले, आणि तरीही धनवान लोक ती घेत राहिले. कित्येक त्या नावासाठीच घेत राहिले. मग चालवताना घाम फुटला तर तक्रार कोणाकडे करणार? यंत्राने आपला स्वभाव लपवला नव्हता. निराशा झाली ती मालकाची स्वतःविषयी. आपण समजत होतो तसे आपण नाही, हे एखादे यंत्र तोंडावर सांगते आणि ते सहन होत नाही.

मीही तसाच एक मालक होतो.

मी करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. धरण १९८० साली पूर्ण झाले, जुने गाव पाण्याखाली गेले आणि आम्ही माळावर नव्याने वसलो. १९९३ साली जमवलेल्या पैशांतून मी एक जुनी साडेतीनशे घेतली. शिक्षकाला ती कशाला हवी होती, असे घरच्यांनी विचारले. खरे कारण मी तेव्हा बोललो नाही, आज सांगतो. माझ्या आजोबांना लग्नात घोड्यावर बसून गावातून जाता आले नव्हते. मला त्या गाडीचा आवाज साऱ्या गावाला ऐकवायचा होता. त्याची मला आजही लाज वाटत नाही. ज्यांच्या वाडवडिलांना कोणी अडवले नाही, त्यांनी आमच्या हौसेला चैन म्हणू नये.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. मला ती गाडी चालवता येत नव्हती. टेंभुर्णी-करमाळा रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती एकदा उसळली आणि मी केळीच्या बागेच्या बांधावर जाऊन थांबलो. त्यानंतर मी ती दोन गिअरांतच चालवू लागलो, प्लग काळे करून घेऊ लागलो. परंतु चहाच्या टपरीवर कोणी विचारले, “काय गुरुजी, कशी आहे?” तर मी म्हणे, “वाघ आहे, वाघ!” ऐकणारी पोरे डोळे मोठे करीत. अशा गाड्यांची कीर्ती पुष्कळदा अशाच माणसांनी वाढवलेली असते; ज्यांना त्या झेपल्या नाहीत आणि ज्यांनी ते कबूल केले नाही.

दोन वर्षांनी मी ती विकली. घेणारा कंदर बाजूचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. आपल्याच समाजातला, त्याचे वडील आणि मी एकाच विहारात वंदनेला बसत असू. वडिलांनी दोन म्हशी विकून पैसे आणले होते. नोटा हातात धरूनच त्यांनी विचारले, “गुरुजी, पोरगं लई नादी लागलंय. गाडी कशी हाय, तुमी सांगा.”

मी म्हणालो, “वाघ आहे.”

पुढच्या ब्रेकचे लायनर झिजले होते, हे मला ठाऊक होते. बदलायला आठवडा लागला असता आणि गिऱ्हाईक थंड झाले असते. मुलाने ब्रेकविषयी विचारले नाही, मी सांगितले नाही. आता बोला, मी खोटे बोललो काय?

त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली. बाजारात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. मी उच्चारलेला शब्द तर खराच होता. गाडी वाघ होतीच. शिवाय मी नको म्हटले असते तरी त्या मुलाने ऐकले नसते. तुम्हीही कधी ना कधी, म्हैस विकताना, सोयरीक जुळवताना, मुलाचे वय सांगताना हीच समजूत घातली असेल. हा शेवटचा मुद्दा सर्वांत फसवा आहे. तो ऐकणार नव्हता, हे खरे असेलही; परंतु ऐकायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता आणि मी तो मधल्यामध्ये खाऊन टाकला. त्याला गाडी घेऊ देणे मला भाग होते. एका माणसाला ती झेपली नाही, हे कळू देणेही तितकेच भाग होते. मी वाघ म्हणालो तेव्हा त्या बापाने काय ऐकले? ‘गुरुजींनी दोन वर्षे चालवली, त्यांना काही झाले नाही, पोराला काय होणार?’ मला माहीत होते की तो हेच ऐकणार. शब्द खरा होता. त्या शब्दाकडून मी करवून घेतलेले काम खोटे होते.

मज्झिम निकायात भगवंतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून ते विचारतात आणि सांगतात की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण तेवढेच उरलेले असते. थट्टेतही खोटे बोलू नये, असेही ते त्याला बजावतात. उजनीकाठच्या माणसाला तळाचे पाणी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. धरण उणे पातळीत गेले की पळसदेवच्या जुन्या देवळासारखी बुडालेली बांधकामे उघडी पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा दिसली, तेव्हा मला हे सारे पुन्हा आठवले.

मुलगा तीन महिन्यांनी पडला. उसाचा हंगाम होता, रात्रीची वेळ, पुढे मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. ब्रेक पुरला नाही. मांडीचे हाड मोडले, जीव वाचला. झिजलेल्या लायनरमुळेच तो पडला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नवे लायनर असते तरी कदाचित पडला असता. या ‘कदाचित’चा आधार मी बरेच दिवस घेतला.

मग एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. गाडी गोठ्यात पोत्याखाली उभी होती. मुलगा बाजेवर होता, पायात सळई घातलेली. बापाने मला पाणी दिले, चहा ठेवायला सांगितला. मी लायनरचे सांगितले. दुरुस्तीचे आणि दवाखान्याचे निम्मे पैसे देतो म्हणालो. बाप बराच वेळ काही बोलला नाही. नंतर एवढेच म्हणाला, “पैशाचं बघू. पर गुरुजी, मी तुमाला इचारलं हुतं.”

मुलाने मात्र वेगळेच विचारले. “गुरुजी, तुमाला ती चालवता येत हुती का?”

“नाही,” मी म्हणालो.

तो पडल्यापडल्याच हसला. “मलाबी न्हाई,” तो म्हणाला. “वाटलं, माझंच काय तरी चुकतंय.”