खरी नक्कल

सरकारी नोकरीतील उमेदवारीची वर्षे मी नकल शाखेत काढली. मूळ दस्तऐवजावरून उतरवून घेतलेली प्रत ताडून पाहावयाची, तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारावयाचा आणि खाली सही करावयाची, हे तेथले काम. या दोन शब्दांतील विसंगती त्या वयात कधी जाणवली नाही. नक्कल ती खरी कशी, हा प्रश्न मला पडला तो निवृत्तीनंतर, अमेरिकेत, मुलाच्या घराच्या तळघरात बसलो असताना. आणि तोही गिटारीवरील एका लहानशा पट्टीवरून.

माझे चिरंजीव मिशिगन राज्यात नोकरीस आहेत. सुटीच्या दिवशी ते जुन्या गिटारींच्या हरवलेल्या वा कुजलेल्या पट्ट्या हाताने पुन्हा घडवून देतात. इंदूरच्या आमच्या घरात सतार होती, तंबोरा होता. गिटारीशी मात्र माझा परिचय चित्रपटसंगीतापुरताच. त्यामुळे हा उद्योग समजून घेण्यास मला काही दिवस लागले.

ज्या गिटारीचा दर्शनी भाग व्हायोलिनप्रमाणे घुमटाकार कोरलेला असतो तिला 'आर्चटॉप' म्हणतात. त्याच राज्यातील कॅलमझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने १८९० च्या दशकात अशा गिटारी घडविल्या. त्यांच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली आणि १९२२ मध्ये तिने व्हायोलिनसारखी छिद्रे असलेली एल-५ ही प्रसिद्ध गिटार बाजारात आणली. अशा वाद्यात घोडी उंच असते, म्हणून तारा लाकडापासून बऱ्याच वर राहतात. नखी धरलेल्या हाताला टेकू मिळावा आणि लाकडावर ओरखडे उठू नयेत, यासाठी तारांच्या कडेला एक पट्टी अधांतरी बसवितात. तिलाच 'पिकगार्ड' म्हणतात. ती मानेपाशी एका खिळ्याने आणि कडेला एका धातूच्या आधाराने धरलेली असते; लाकडाला टेकत नाही, त्यामुळे नाद दबत नाही. या उंच पट्टीचे पेटंट गिब्सन कंपनीने घेतले होते आणि ३० मार्च १९०९ ही त्याची तारीख अनेक जुन्या पट्ट्यांवर उमटविलेली आढळते.

या जुन्या पट्ट्या बहुधा सेल्युलॉइडच्या असत. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून हा पदार्थ होतो; हस्तिदंती बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधताना जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास तो व्यवहारात आणला. दिसावयास सुंदर, पण आतून अस्थिर. काही दशकांनी त्यातील कापूर उडून जातो, पट्टी आकसते, वाकडी होते, तिला भेगा पडतात. पुढे ती विघटित होऊ लागली की तिच्यातून आम्लयुक्त वाफा निघतात. त्या वाफांनी तारा गंजतात, पडदे हिरवे पडतात, मुलामा उडतो, लाकडावरील रोगण बिघडते. आपले जुने चित्रपटही याच जातीच्या फिल्मवर होते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मांच्या साठ्याला लागलेली आग वाचकांस आठवत असेल.

येथे पहिला नैतिक पेच उभा राहतो. संग्राहकाला वाद्याचा प्रत्येक अवयव 'असल' हवा असतो. पण ही असल पट्टीच वाद्याचा घात करीत असते. ती जागेवर ठेवावी तर गिटार जाते, काढावी तर असलपणा जातो. मुलाचे उत्तर साधे होते. पट्टी काढावी, पण टाकू नये. वाद्याच्या पेटीत न कोंडता हवेशीर जागी वेगळी जपावी आणि वाद्यावर नवी बसवावी. मूळ कागद जीर्ण झाला की तो अभिलेखागारात जातो आणि रोजच्या व्यवहारास नक्कल वापरतात. ही रीत मला ओळखीची वाटली.

नवी पट्टी घडविताना मी त्यांच्याजवळ बसत असे. मी सहज म्हणालो, "अरे, जुनी पट्टी कागदावर ठेवून पेन्सिल फिरव, म्हणजे झाले." ते हसले. म्हणाले, "बाबा, ही आकसलेली आहे. हिच्यावरून आकार काढला तर नवीही आकसलेलीच होईल." खरोखरच, जुन्या पट्टीचे भोक गिटारीवरील भोकाशी जुळत नव्हते. म्हणून माप घ्यावयाचे ते गिटारीवरून: मानेच्या टोकापासून घोडीपर्यंतचे अंतर, खिळ्याची जागा, तारांची रेषा. मग पातळ करवतीने आकार कापणे, कानशीने कडा सरळ करणे, काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या गरम करून वळणावर बसविणे, कोपऱ्यात त्यांचा सांधा तिरपा जुळविणे आणि शेवटी झिलई. एकेका कोपऱ्यास एक संध्याकाळ जाते. केवळ दिसते ते उतरविणे म्हणजे खरी नक्कल नव्हे, हे त्या तळघरात मला प्रथम नीट कळले.

आणखी एक गंमत. यांतील पुष्कळ पट्ट्यांवर तपकिरी-पिवळे ढग असतात. ती कासवाच्या कवचाची नक्कल. म्हणजे ज्या पट्टीला आज आपण 'असल' म्हणतो, ती स्वतःच नक्कल म्हणून जन्मास आली. तरीही तिला कोणी खोटी म्हटले नाही. ती सेल्युलॉइडची आहे हे कोणी लपविले नव्हते. तेव्हा सारखे दिसणे हा दोष नव्हे, असे मानावयास हरकत नाही.

मग दोष कोठे सुरू होतो? त्याच मुक्कामात एका गृहस्थांनी १९३० च्या दशकातील आपली गिटार आणली. पट्टीचा चुरा झाला होता. त्यांना नवी हवी होती, पण जुनाट दिसणारी: कडा पिवळसर, झिलई मंद, चार ओरखडे. एवढे मुलाने मान्य केले. शेजारच्या जुन्या कडेशी नव्या पांढऱ्या कडेचा मेळ बसत नाही, हे खरेच आहे. मात्र प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, बसविल्यावर दिसणार नाही अशा जागी, ते आपली आद्याक्षरे आणि साल कोरतात. ते कोरू नये, अशी गृहस्थांची अट होती. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. "गिटार माझी, ती मला विकावयाची नाही, मग फसवणूक कोणाची?"

मुलाने मला विचारले, "बाबा, तुम्हाला काय वाटते?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीत मी नवा असताना एका कार्यालयात जमिनीच्या नोंदवहीचे एक पान वाळवीने खाल्ले. वरिष्ठांनी जुन्याच वहीतील एक कोरे पान काढविले, उरलेल्या तुकड्यांवरून मजकूर लिहविला आणि ते पान वहीत शिवून टाकले. शाईसुद्धा फिकट केली होती. मजकूर अक्षरशः बरोबर होता. तो ताडून पाहणारा मीच होतो. समासात "मूळ पान जीर्ण, सबब पुन्हा लिहिले" एवढी ओळ आणि तारीख घालावी, असे माझ्या मनात आले होते. चौकशीचा त्रास नको म्हणून वरिष्ठांनी ती घालू दिली नाही आणि मीही गप्प राहिलो. कोणाचेच नुकसान नव्हते. पुढे अनेक वर्षांनी दोन भावांत वाद लागला. वकिलाने शिवण ओळखली. ते पान संशयास्पद ठरले आणि त्याबरोबर सारी वहीच. ज्याचा हक्क खरा होता त्याला खऱ्या नोंदीचाही उपयोग होईना. त्याच्या हेलपाट्यांची वर्षे मी जवळून पाहिली आहेत.

म्हणून मी मुलाला म्हणालो, "त्यांची फसवणूक होत नाही हे खरे. पण गिटार त्यांच्यापेक्षा अधिक जगणार आहे." वस्तू माणसाच्या हातून पुढे जाते, तिच्यामागचा हेतू मात्र तिच्याबरोबर जात नाही. आज ज्याला ठाऊक आहे तो उद्या नसेल आणि परवाच्या मालकाला ती पट्टी एकटीच आपली हकीकत सांगेल. ती खोटी सांगेल की खरी, हे आज ठरते. मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादात रथ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न येतो. अथेन्सकरांनी फळ्या बदलत जपलेल्या थीसियसच्या जहाजाविषयीही तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा वाद चालू राहो. काय बदलले आणि केव्हा, हे सांगणे आपल्या हाती आहे.

पाठीवरची खूण कोणी कानशीने घासून टाकील, हा आक्षेप मुलानेच काढला. टाकील. पण ते खोटे मग त्याचे. आपल्या हातून ते झालेले नसेल.

आपल्यासारख्या, चार-सहा पिढ्यांपूर्वी देश सोडून आलेल्या घराण्यांना हा प्रश्न परका नाही. आमच्या एका आप्ताने कुळाची जुनी वंशावळ नव्याने टंकलिखित केली. मधल्या दोन पिढ्यांची नावे कसरीने खाल्ली होती. ती त्यांनी अंदाजाने भरली आणि अंदाज आहे असे कोठे लिहिले नाही. हेतू प्रेमाचाच होता. आता आमची मुले ती नावे खरी मानून चालली आहेत, आणि खात्रीची नावे कोणती, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. तेथे एक प्रश्नचिन्ह पुरले असते.

ते गृहस्थ अखेर दुसऱ्या कारागिराकडे गेले. अर्धवट घडलेली ती पट्टी मुलाने निघताना मला दिली. ती इंदूरला माझ्या मेजावर कागदांवर वजन म्हणून असते. पाठीवर दोन अक्षरे आणि साल आहे. ती उलटी झाली की मला वाळवीने खाल्लेले ते पान आठवते. त्याच्या समासातील ओळ लिहावयाची राहिली, ती निदान येथे लिहून ठेवतो: मूळ पान जीर्ण होते, ते पुन्हा लिहिले गेले, ताडणारा मी होतो.