उद्याची चिंता आणि उद्याची तजवीज

आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा प्रामाणिक मनाचे असतात. ते म्हणतात, उद्याची चिंता करू नये असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले असता, विश्वासणाऱ्याने संकटासाठी म्हणून घरात धान्य, पाणी, औषध राखून ठेवणे हा अविश्वास नव्हे काय? जो आकाशातील पाखरांस चारितो, तो आपणांस विसरेल काय? हा प्रश्न हसून उडवून लावण्यासारखा नाही. कारण त्याचे उत्तर चुकले तर एका बाजूने आळस विश्वासाचे पांघरूण घेऊन निजतो, आणि दुसऱ्या बाजूने लोभ शहाणपणाचा अंगरखा घालून हिंडतो.

प्रथम चिंता आणि तजवीज ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. शेतकरी पुढील मृगासाठी बियाणे राखून ठेवितो. फाल्गुनात घरात धान्याची ओढ लागली तरी तो बियाण्याच्या मडक्यास हात लावीत नाही. त्यास कोणी अविश्वासी म्हणत नाही. उलट पाऊस पाडणाऱ्या देवावर त्याचा भरवसा आहे म्हणूनच तो बी राखितो. चिंता मनुष्याची झोप नेते आणि सकाळी त्याच्या हातून कामही होऊ देत नाही. तजवीज हातास काम देते, आणि काम झाल्यावर मनुष्यास शांतपणे निजू देते.

ह्याविषयी रानातील मान्न्याची गोष्ट फार बोलकी आहे. इस्राएल लोकांपैकी काहींनी आज्ञा मोडून मान्ना सकाळपर्यंत ठेवून दिला, तेव्हा त्यात किडे पडून त्यास घाण सुटली. परंतु सहाव्या दिवशी शब्बाथासाठी म्हणून त्यांनी दुप्पट गोळा केला, तो मात्र नासला नाही. मान्ना तोच, भांडी तीच, रात्रही तेवढीच. एक ठेवा देवावरील संशयातून निघाला होता आणि दुसरा त्याच्या आज्ञेतून. तेव्हा घरात काही राखून ठेवावे की न ठेवावे एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. ते कोणत्या मनाने ठेविले आहे, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, चांगल्या हेतूने केलेली तजवीजही ज्ञानावाचून घात करिते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सात हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती मातीत बसविलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. ऊन व पाऊस ह्यांपासून बचाव व्हावा म्हणून लोक माळवदावर मातीचे थर चढवीत आले होते. जो भार मुलाबाळांच्या रक्षणासाठी डोक्यावर घेतला, तोच त्या पहाटे त्यांच्यावर कोसळला. ह्यात त्या लोकांचा दोष काढण्याचा आमचा हेतू मुळीच नाही; त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे जाणत्यांनी सांगितलेले उपाय साधे होते: माळवदावरची जादा माती उतरावी, भिंतीच्या दोन्ही अंगांस बांधून धरणारे आरपार दगड मध्ये मध्ये घालावेत, आणि दारेखिडक्यांच्या वरच्या बाजूने सर्व भिंतींस एकत्र जखडणारा पट्टा घ्यावा. आज ज्यास हे ठाऊक आहे, त्याने आपल्या घराचे छप्पर एकदा मान वर करून पाहावे. पेवाचेही तसेच. बंद पेवात विषारी हवा साचते. ते उघडून पुष्कळ वेळ मोकळे ठेविल्यावाचून कोणास आत उतरवू नये. आणि आत सोडलेला दिवा विझला तर मुळीच उतरवू नये.

पुर, वादळ किंवा भूकंप येतो तेव्हा प्रथम वीज जाते, आणि विजेबरोबर पंप व पिठाची गिरणीही बंद पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी ह्या जिल्ह्यांत विजेचे खांब आडवे केले, त्यानंतर पुष्कळ गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी दोर व पोहरा, जाते, कंदील, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी ठेविलेली काड्यापेटी ह्यांची किंमत कळते. त्याच पिशवीत सातबारा, शिधापत्रिका व आधारपत्र ह्यांच्या प्रती ठेवाव्यात. परंतु संकटात सर्वांत जास्त माणसे गढूळ पाण्याने आजारी पडतात. बांगलादेशातील मतलब भागात खेड्यातील स्त्रियांनी जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळिले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांस चिकटून असतात, आणि ते जीव त्या घडीत अडकतात. गाळलेले पाणी खळखळून एक मिनिट उकळावे म्हणजे भीती राहत नाही. ते झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. हात बुडवू नये.

आणि जुलाब लागलेच तर? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबिस ह्यांनी मीठ व साखर घातलेले पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यू शेकडा चारच्या खाली आले. हे पाणी आपल्या प्रत्येक घरात करता आले पाहिजे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. त्याची चव आसवांहून खारट असू नये. ते घोट घोट पाजीत रोग्यास दवाखान्याच्या वाटेस लावावे.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरी आजचेच पुरत नाही, तर उद्याचे कोठून ठेवावे? हे दुःख खरे आहे. परंतु मिझोराममधील आपल्या भगिनींनी त्यास एक उत्तर दिले आहे. सुमारे १९१० सालापासून तेथील ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकास बसताना भांड्यातील एक मूठ तांदूळ काढून देवाच्या कार्यासाठी वेगळा ठेवितात. ती मूठ गरिबांच्याच घरातून निघू लागली, आणि तिने मंडळीची पुष्कळ कामे चालविली. आपण हिशेब करून पाहू. मुठीत चाळीस ग्रॅम ज्वारी मावते असे धरले, तर दोन वेळच्या मुठींची वर्षाअखेर २९ किलोहून अधिक ज्वारी होते. ती उन्हात चांगली वाळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि नवी आली की जुनी आधी खावी.

ही ज्वारी केवळ पोटाची नाही. तिच्यात घराची मोकळीक आहे. दुष्काळात ज्याचे पेव भरलेले असते, तो सवाईने किंवा दिढीने धान्य देतो, आणि पुढील सुगीत एका पोत्याचे दीड पोते फेडता फेडता जमिनीचा तुकडा जातो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगिले आहे. योसेफाच्या गोष्टीतही हा कडू भाग आहे, आणि आपण तो बहुधा वाचून पुढे जातो. त्याने सुकाळात पाचवा हिस्सा साठविला व लोकांचे प्राण वाचविले हे खरे. परंतु दुष्काळ सरता सरता लोकांची गुरे, जमिनी आणि अखेर ती माणसेही फारोची झाली होती. ज्याच्या हाती कोठार, त्याच्या हाती दुसऱ्याची मान सापडते. म्हणून ज्याच्याजवळ काही नाही त्याने मूठ राखावी, म्हणजे त्यास मान द्यावी लागणार नाही. आणि ज्याच्याजवळ आहे त्याने संकटात दिढीचे नाव काढू नये.

शेवटी सर्वांत अवघड प्रश्न उरतो. आपण तजवीज केली, शेजाऱ्याने केली नाही, आणि मध्यरात्री तो दाराशी आला, तर? शहाण्या कुमारींनी तेल दिले नाही, असे पुष्कळ जण ह्या वेळी सांगतात. परंतु तो दाखला वराच्या येण्याविषयी आहे. शेजाऱ्यास दार लावण्याची सबब म्हणून तो दिलेला नाही. जागृत अंतःकरण कोणास उसने देता येत नाही, हे त्यातील मर्म. ज्वारी मात्र देता येते. तरीही त्यातून एक व्यवहाराची गोष्ट शिकावी: मध्यरात्र ही वाटणीची वेळ नव्हे. तेव्हा एकट्या भरल्या घरास दोनच वाटा उरतात, दार लावणे किंवा मडके रिते करणे. वाटणीची वेळ आज आहे, दिवस असताना. अगब संदेष्ट्याने दुष्काळ पडणार असे सांगितले, तेव्हा अंत्युखियातील शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधूंस मदत पाठविण्याचे ठरविले. दुष्काळाची वार्ता ऐकून आपले कोठार आधी भरावे असे वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी तो कोणास अधिक भोवेल ते पाहिले.

म्हणून उपदेशक बंधूंनी पुढील रविवारी उपासनेनंतर मंडळीस थोडे थांबवावे. मीठसाखरेचे पाणी सर्वांसमोर करून दाखवावे. पाणी चढू लागल्यास कोणी कोणत्या म्हातारीस उचलून उंचावर न्यावयाचे, हे नावानिशी ठरवावे, आणि ती म्हातारी मंडळीतील नसली, आपल्यास कधी पाणवठ्यावर येऊ न देणाऱ्या घरची असली, तरी तिचेही नाव त्यात असावे. मग घरी जाऊन पहिली मूठ काढावी. ती काढताना ती आपली आहे असे न म्हणता, दाराशी येणाऱ्याची आहे असे म्हणावे. असे म्हणून ठेविलेल्या मान्न्यास किडे पडत नाहीत.