दान कोणाच्या वाट्याचे?

पोरांच्या मनात दया कशी उपजेल, असे पुष्कळ आईबाप कीर्तनानंतर विचारतात. एक सोपा उपाय तर आपणा सर्वांच्या अंगवळणीच पडला आहे. देवळाच्या पायरीशी मुलाच्या मुठीत नाणे द्यायचे आणि म्हणायचे, "टाक बाळ, त्या आजोबांच्या वाटीत." मूल टाकते, आपल्याला कौतुक वाटते. पण मुलाचे त्यात काय गेले? बापाचे तरी काय गेले? आपण उभे आहो आणि घेणारा खाली बसला आहे, एवढेच त्या कोवळ्या मनावर उमटते. दया दूरच राहिली, मोठेपणा तेवढा शिकवून झाला!

काळाचौकी-लालबागच्या चाळींत याची निराळी शाळा भरत असे. परळला के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली निघाले, टाटा रुग्णालय १९४१ साली. कोकणातून, घाटावरून कोणी दुखणाईत आला की तो उतरायचा गिरणीत कामाला असलेल्या गाववाल्याच्या खोलीवर. खोली ती केवढी, दहा बाय बाराची! पाहुण्याला आत अंथरूण मिळे, आणि रातपाळी नसली तर घरधनी आपली वळकटी उचलून गॅलरीत निजायला जाई. घरची माउली आपल्या ताटातली भाकर कमी करी. मुले हे सारे निजता निजता बघत. दानाचा महिमा त्यांना कोणी समजावून सांगितला नाही. बाप बाहेर का निजला, ते त्यांचे त्यांना कळे.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, कित्येक चाळीही गेल्या. घरे ऐसपैस झाली, आणि पाहुण्याची सोय लॉजात होऊ लागली, हे एक नवलच! असो. टाटा रुग्णालयाबाहेर परप्रांतांतून आलेले रोगी आणि त्यांचे नातलग आजही पदपथावर पथारी टाकतात. काळाचौकीहून ते पायी जाण्याजोगे आहे. द्वादशीला पारणे सोडण्याआधी चार भाकऱ्या बांधून मुलासह तिथे जावे. रोग्याला काय चालते ते आधी पुसावे, गाव विचारावे, शेजारी बसावे. वारीत जेवू घालणारा जेवणाऱ्याच्या पाया पडतो. तसे मुलादेखत पाया पडायला लाजू नये. घरी येऊन शेजाऱ्यांना मात्र सांगत बसू नये, पोरे तेही उचलतात.

आणखी एक. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ती सारी नव्हेत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून दिली आणि आपली तेवढी बुडविली. कथेत आपण बुडविणे ऐकतो, वाटणी विसरतो. म्हणून मुलाने आपला खाऊ द्यायला नकार दिला तर डोळे वटारू नयेत, हातातून ओढून तर मुळीच देऊ नये. ती कान्होबांची खते आहेत. आपली भाकर बांधून घ्यावी आणि त्याला बरोबर चल म्हणावे.