पाहून टाकलेले पाऊल



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान श्रीकृष्ण उद्धवाला संन्याशाचा धर्म सांगतात. त्यात एक अगदी साधा नियम आहे. पाऊल टाकावे ते डोळ्यांनी जागा पाहून, आणि पाणी प्यावे ते वस्त्राने गाळून. याच स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. पाणी गाळायचे ते आपल्या प्रकृतीसाठी, असे आज आपण समजतो. परंपरेने त्यात पाण्यातल्या जीवाचाही विचार पाहिला आहे.

कोणी म्हणेल, महाराज, हा संन्याशाचा धर्म झाला, आम्ही संसारी माणसे. खरे आहे. गृहस्थाकडून हिंसा टळत नाही, हे शास्त्रालाही ठाऊक आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी रोज जीव मरतात. त्यांना ‘पंचसूना’ म्हटले, आणि त्यांच्यासाठी पंचमहायज्ञ सांगितले. पण या पाचही जागा पोटासाठी आहेत. करमणुकीची सहावी जागा त्या यादीत नाही. ती आपण काढली.

लेबर डेची सुट्टी आणि गणपती-गौरीचे दिवस बहुधा मागेपुढेच येतात. अटलांटा, शार्लट, नॉक्सव्हिलकडची आपली मंडळी त्या सुमारास ग्रेट स्मोकी माउंटन्सला जातात. या राष्ट्रीय उद्यानाला वर्षाकाठी एक कोटीहून अधिक भेटी होतात. तिथले ओढे म्हणजे नितळ, थंड पाणी आणि गुळगुळीत गोटे. मुले बूट काढून पाण्यात उतरतात, मोठी माणसे फोटो काढतात. मग दगड उचलून बांध घालणे, दगडावर दगड रचून उतरंड करणे सुरू होते. कोणाच्याही मनात पाप नसते.

पण त्या गोट्यांखाली एक गाव वसलेले असते. मे-फ्लाय आणि स्टोनफ्लाय यांची पिल्ले दगडाच्या पोटाला चिकटून राहतात. कॅडिसफ्लायची अळी स्वतःच्या लाळेच्या रेशमाने वाळूचे कण जोडून अंगाभोवती नळीसारखे घर बांधते. आपला पाय पडला की काही चिरडतात, काही सुटून प्रवाहात वाहून जातात. ढवळलेला गाळ खाली बसतो, तो दगडांमधल्या फटी बुजवतो आणि अंड्यांवर साचतो. एका पावलाने फार बिघडत नाही, ओढा ते भरून काढतो. त्याच उथळ जागी दिवसभर शेकडो पावले पडली की भरून काढायला त्याला उसंतच मिळत नाही. मासे या किड्यांवर जगतात, म्हणजे त्यांच्याही ताटातले गेले.

याच ओढ्यांत हेलबेंडर नावाचा सॅलमँडर राहतो. नाव भयंकर, प्राणी गरीब. दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि श्वास घेतो तो मुख्यतः अंगावरच्या सैल, चुण्या पडलेल्या कातडीतून. त्यामुळे त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. ऑगस्टअखेरीपासून त्याचा विणीचा काळ. नर मोठ्या सपाट दगडाखाली जागा करतो, मादी तिथे अंडी घालून जाते, आणि पुढे राखण बाप करतो. नेमके हेच आपल्या सहलीचे दिवस! बांधासाठी आपण जो छानसा सपाट दगड उचलतो, तो कदाचित त्याच्या घराचे छप्पर असतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने ईस्टर्न हेलबेंडरला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. उद्यानात दगड हलवण्यास मनाई आहे ती यासाठी. तिथली पाटी वाचून पुढे जाणारे पुष्कळ, हे वेगळे सांगायला नको.

आता राजा सत्यव्रताची कथा आठवा. कृतमाला नदीत उभा राहून तो तर्पण करीत होता. ओंजळीत एक इवलीशी मासोळी आली. पाणी सोडता सोडता त्याने तिलाही सोडले, तेव्हा ती म्हणाली, मोठे जलचर मला खातील, मला इथे टाकू नकोस. राजा पुण्यकर्मात गुंतलेला होता. मासोळीचे ऐकायला त्याला वेळ नाही असे झाले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण तो थांबला, तिला कलशात घेतले. पुढे ती वाढत वाढत समुद्रातही मावेना, तेव्हा त्याला कळले की हा भगवंत आहे. थांबला तेव्हा मात्र हे त्याला माहीत नव्हते, आणि कथेतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच.

आपल्यात कित्येक घरी खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावर जाऊन, तोंडाने न बोलता, पाच किंवा सात खडे आणायचे. पूजा झाली की पुन्हा पाण्यात पोचवायचे. ज्यांच्या घरी ही रीत आहे, त्यांच्या मुलांना दगड मोजून घेणे आणि परत ठेवणे वेगळे शिकवावे लागू नये. तेव्हा सहलीला गेल्यावर ओढा पाहायचा तर काठावरच्या खडकावर बसा. पलीकडे जायचे तर लाकडी साकवावरून जा. मुलांना पाण्यात हात घालू द्या, दगड मात्र होता तिथेच राहू द्या. उद्यानातला खडा गौरीसाठीसुद्धा उचलता येत नाही. त्यासाठी जिथे परवानगी असेल अशा घराजवळच्या पाणवठ्याच्या काठावरचे सुटे, कोरडे खडे घ्यावेत, आणि विसर्जनाला ते त्याच काठावर परत न्यावेत.