पुन्हा येणारा माणूस: इमॅजिका आणि नव्या मालकीची कसोटी

खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यातील सांगडेवाडी येथे इमॅजिका हे मनोरंजन उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी ते उभारले. नऊ वर्षांनी, २०२२ च्या मध्यास, कर्जाने थकलेल्या या कंपनीचा बहुसंख्य हिस्सा संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेला. उद्यानाचा मालक बदलला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता नवीन काय येणार? इमॅजिकाच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. नव्या आणि भव्य गोष्टींची तिथे वाण कधीच नव्हती. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा का येईल, याचे उत्तर मात्र पहिल्या नऊ वर्षांत सापडले नाही. नव्या मालकीकडून धरायच्या अपेक्षा या उत्तराशी बांधलेल्या आहेत.

हा धंदा समजून घ्यायला जत्रा उपयोगी पडते. जत्रेतला आकाशपाळणा माणसांमागे फिरतो. एका गावची जत्रा उलगडली की त्याचे खांब, पाळणे आणि जनरेटर ट्रकवर चढतात आणि पुढच्या गावच्या उरुसात उभे राहतात. पाळणेवाल्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. ते देवाने किंवा पिराने आधीच जमवलेले असते. उद्यानाला ही सोय नाही. त्याचे पाळणे काँक्रीटमध्ये रोवलेले असतात. माणसांनीच तिथवर यायचे, आणि तेही वर्षभर.

त्यातून पैशाचे एक कठोर गणित तयार होते. एखाद्या राइडमध्ये दिवसभरात दोनशे माणसे बसली काय किंवा दोन हजार बसली काय, चालकांचे पगार, देखभाल, विमा आणि घसारा जवळपास तेवढाच राहतो. ठरावीक संख्येच्या खाली प्रत्येक दिवस तोट्याचा, आणि तिच्या वर गेले की बहुतेक तिकीट नफ्याचे. शिवाय वर्षातले सगळे दिवस सारखे नसतात. मे महिना, दिवाळी आणि नाताळ हे सुगीचे दिवस. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहलींचे. फेब्रुवारी-मार्च परीक्षांमुळे सुने. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी धो धो पाऊस पडतो आणि विजा चमकू लागल्या की उंच राइड थांबवाव्या लागतात. सुगीच्या दिवसांवर वर्ष काढता येत नाही. मधले मंगळवार-बुधवार भरावे लागतात. ते भरतात आसपासच्या दोन-तीन जिल्ह्यांतून वारंवार येणाऱ्या माणसांमुळे. प्रादेशिक उद्यान म्हणतात ते याच अर्थाने.

दुसरी अडचण जमिनीची. उद्यानाला पसरट जागा लागते आणि शहर वाढत त्याच्या दारापर्यंत आले की पाळण्यापेक्षा त्याखालची जमीन मोलाची ठरू लागते. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या हत्तीवरून त्याला नाव मिळाले, आणि २००८ मध्ये ते बंद पडले. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ चे. बोटीने खाडी ओलांडून तिथे जाणे हा मुंबई-ठाण्याच्या शाळकरी मुलांच्या एका पिढीचा सोहळा होता. कोविडनंतर त्याचे पाळणेही थांबले.

इमॅजिकाने या दोन्ही अडचणींवर शोधलेला उपाय भव्यतेचा होता. शेट्टी यांनी १९७८ मध्ये ॲडलॅब्ज ही फिल्म प्रक्रिया करणारी प्रयोगशाळा सुरू केली, पुढे वडाळ्याला आयमॅक्सचा घुमट उभारला आणि २००५ मध्ये चित्रपटांचा व्यवसाय अनिल अंबानी समूहाला विकला. पडद्यावरचे जग प्रत्यक्षात उभे करायचे, ही त्यानंतरची झेप होती. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, द्रुतगती मार्गाच्या हाकेच्या अंतरावर जागा निवडली गेली. दीड हजार कोटींहून अधिक रुपये गुंतले आणि त्यातला मोठा वाटा कर्जाचा होता. २०१४ मध्ये जलउद्यान, २०१५ मध्ये हॉटेल आणि २०१६ मध्ये हिमउद्यान आले.

उभारलेले काम सामान्य नव्हते. ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड मॅबिलार्ड या नामांकित कंपनीने बनवला. त्याच्या डब्यांना तळ नाही. बसणाऱ्याचे पाय अधांतरी लोंबतात, खांद्यांवरून पोलादी पट्टा येतो, गाडी सुमारे ४० मीटर वर चढते आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने उलटीसुलटी होत खाली येते. कल्पनेतही देशी बीज होते. ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावर एक राइड बेतली गेली. ‘राजासौरस’ या जलसफरीचे नाव गुजरातेत अवशेष सापडलेल्या, २००३ मध्ये ‘राजासौरस नर्मदेन्सिस’ असे नामकरण झालेल्या डायनासोरवरून आले. हॉलिवुडच्या डायनासोरांवर वाढलेल्या मुलांना नर्मदेकाठचा डायनासोर दाखवणे, ही कल्पना आजही या उद्यानाची खरी पुंजी आहे.

पण चारजणांच्या कुटुंबाने एकदा डोळे दिपवून घेण्यासाठी पाच-सहा हजार रुपये खर्चावे, यावर उभा राहिलेला व्यवहार दुसऱ्या भेटीपाशी अडखळतो. सुरुवातीचे तिकीटच माणशी हजार-दीड हजार रुपयांचे होते. वर जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च वेगळा. पहिल्या वर्षाचे कुतूहल ओसरल्यावर गर्दी व्याजाच्या वेगाने वाढली नाही. मार्च २०१५ मध्ये समभागविक्रीला प्रतिसाद थंड मिळाल्याने किंमतपट्टा खाली आणून मुदत वाढवावी लागली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा अशा उद्यानांना २८ टक्क्यांच्या गटात बसवले गेले. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. हप्ते थकले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने दरवाजेच बंद केले. व्याजाखाली दबलेल्या उद्यानात आधी कात्री लागते ती न दिसणाऱ्या खर्चाला, म्हणजे रंगकामाला, सुट्या भागांच्या साठ्याला, प्रशिक्षणाला. ही झीज ताळेबंदात उशिरा दिसते, आलेल्या माणसाला लगेच.

मालकी बदलातला पहिला आणि सर्वांत भक्कम लाभ इथेच आहे. कर्ज देणाऱ्यांनी मोठी सूट देऊन कर्जाचा निकाल लावला आणि उद्यान नव्या मालकाच्या हाती जवळपास मोकळ्या मानेने आले. अशा व्यवहाराच्या वर्षी माफ झालेले कर्ज अपवादात्मक उत्पन्न म्हणून हिशेबात दिसते आणि नफ्याचा आकडा फुगतो. तो तिकिटांतून आलेला नसतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. कर्जमुक्तीने उद्यानाला वेळ मिळवून दिला. गर्दी त्याने स्वतःच जमवायची आहे.

त्या दृष्टीने नव्या मालकाचा पूर्वेतिहास महत्त्वाचा ठरतो. मालपाणी समूह गायछाप जर्द्यासाठी ओळखला जातो. पवनऊर्जा आणि बांधकामाबरोबर त्याने शिर्डीत जलउद्यान चालवले, तिथेच ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक उद्यान काढले आणि लोणावळ्याजवळ आणखी एक जलउद्यान उभारले. शिर्डीचे गिऱ्हाईक म्हणजे दर्शनाला आलेले, मुलांसकट, आजीआजोबांसकट, हिशेबाने खर्च करणारे कुटुंब. समाधीमंदिराच्या रांगेतून बाहेर पडल्यावर उरलेली दुपार कुठे घालवावी, या त्याच्या प्रश्नावर हा व्यवसाय उभा राहिला. जत्रेतल्या पाळणेवाल्याचेच हे शहाणपण: माणसे जिथे आधीच जमतात, तिथे खेळ मांडायचा.

इमॅजिकाच्या नकाशाकडे या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे आणि याच रस्त्याच्या टोकाला पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांपैकी दोन गणपतींच्या मधल्या वाटेवर हे उद्यान वसले आहे. अष्टविनायक यात्रेच्या बसगाड्या वर्षभर त्याच्या दारावरून जातात. पहिल्या आराखड्याची नजर द्रुतगती मार्गावरच्या मोटारीकडे होती. नव्या मालकाला यात्रेची बस ओळखीची आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर दक्षिण मुंबईहून येणेही सोपे झाले. दोन्ही प्रकारची माणसे दाराशी आहेत. सकाळचे दर्शन आणि दुपारची राइड एका दिवसात, एका खर्चात बसवणे हे काम उरते.

धोकाही याच अनुभवातून उद्भवतो. जलउद्यान चालवणे कोस्टरपेक्षा स्वस्त असते आणि उकाड्याच्या प्रदेशात त्याला गिऱ्हाईक हमखास मिळते. २०२४ मध्ये समूहाची लोणावळा आणि शिर्डीची उद्याने इमॅजिकाच्याच कंपनीत आणली गेली. त्यामुळे खरेदी, जाहिरात आणि मनुष्यबळ यांत काटकसर होईल, पण खंडाळ्याच्या घाटावर आणि घाटाखाली एकाच मालकाची दोन ठिकाणे आता एकाच गिऱ्हाइकाकडे पाहतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातला दाखला इथे विचारात घेण्याजोगा आहे. तिथल्या गिआगा लेक या जुन्या उद्यानाची मालकी २००४ मध्ये सीडर फेअर या कंपनीकडे गेली. त्याच राज्यात सीडर पॉइंट हे तिचे मुख्य उद्यान होते. तीन वर्षांत, २००७ मध्ये, गिआगा लेकच्या राइड बंद झाल्या आणि फक्त जलउद्यान २०१६ पर्यंत चालू राहिले. ‘नायट्रो’च्याच जातीचा, त्याच स्विस कंपनीचा बिनतळाचा कोस्टर तिथून उचलून व्हर्जिनियातल्या उद्यानात नेला गेला. पाणी टिकले, पोलाद गेले. इमॅजिकात असे घडेलच असे नाही, पण खर्चाचा ओढा त्याच दिशेने असतो.

उलट बाजूचे उदाहरण केरळचे. कोचौसेफ चित्तिलप्पिल्ली यांच्या वंडरलाने २००० मध्ये कोचीत सुरुवात केली, २००५ मध्ये बंगळुरू गाठले, २०१६ मध्ये हैदराबाद आणि २०२४ मध्ये भुवनेश्वर. प्रत्येक पाऊल आधीचे पैसे वसूल होऊ लागल्यावर, बेताच्या कर्जावर टाकलेले. अनेक राइड त्यांनी स्वतःच्याच कारखान्यात बनवल्या, म्हणून बिघडलेला भाग परदेशातून यायची वाट पाहावी लागत नाही. डोळे दिपवण्यात ही उद्याने इमॅजिकाच्या मागे असतील, पण चालू ठेवण्यात पुढे राहिली.

चालू ठेवणे हे रोजचे काम आहे आणि ते दरवाजे उघडण्याआधी सुरू होते. कोस्टरचे तंत्रज्ञ पहाटेच रुळाच्या कडेने चढतात. प्रत्येक डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन दिशांनी चाके असतात. त्यांचे आवरण झिजले किंवा चिरले आहे का ते पाहावे लागते. चढावर ऐकू येणारी कटकट साखळी तुटल्यास गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीची असते. तिची तपासणी होते. खांद्यावरचा प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहिला जातो. मग रिकामी गाडी फिरते, एकदा, दोनदा, आणि नोंदवहीत सही झाल्यावरच पहिला माणूस बसतो. वर्षातून एकदा डबे पूर्ण सोडवून, धातूच्या आतले तडे शोधणाऱ्या चाचण्या होतात. या कामाची जाहिरात करता येत नाही. तरीही लांबून आलेल्या मुलाला ‘राइड बंद आहे’ ही पाटी दिसणार की नाही, हे तिथेच ठरते. नव्या मालकाने पैसा ओतण्याची सर्वांत योग्य जागा हीच आहे.

त्याखालोखाल तिकीट आणि सोयी येतात. नगर, सातारा किंवा अलिबागकडच्या शाळेची सहल एसटीने येते तेव्हा शिक्षक माणशी रकमेत हिशेब मांडतात. बसभाडे, तिकीट आणि जेवण त्यात बसले नाही तर सहल दुसरीकडे वळते. आठवड्यातल्या सुन्या दिवसांसाठी शाळा, महाविद्यालये आणि यात्रा कंपन्यांना वेगळे दर देणे म्हणजे दानधर्म नव्हे. रिकामी जाणारी आसने भरण्याचा तोच मार्ग आहे. कोकणच्या उन्हात रांगेवर छप्पर, पिण्याचे पाणी, म्हाताऱ्यांना बसायला जागा, मराठीतल्या सूचना आणि परवडणारी मिसळ-पोळीभाजी या गोष्टी कोणत्याही नव्या कोस्टरपेक्षा कमी खर्चात होतात. आजीआजोबा दमले नाहीत की कुटुंब संध्याकाळपर्यंत थांबते, आणि पुढच्या सुट्टीतला बेत परतीच्या प्रवासातच ठरतो.

परिसराचाही यात वाटा आहे. आसपासच्या गावांतील आणि आदिवासी वाड्यांतील तरुणांना केवळ सफाई आणि पहारा एवढेच काम मिळत राहिले तर उद्यान तिथे परके राहील. राइड चालवणे, यंत्रदुरुस्ती, स्वयंपाकघर आणि पर्यवेक्षण यांत त्यांना घडवणे मालकाच्याही हिताचे आहे, कारण शहरातून येणारा कर्मचारी टिकत नाही आणि अनुभवी हात गेला की सुरक्षितता उतरते.

नव्या मालकीचे यश नव्या पाटीवरून किंवा उद्घाटनांच्या संख्येवरून मोजण्यात अर्थ नाही. मोजमाप साधे असावे: एखाद्या साध्या बुधवारी एकूण राइडपैकी किती चालू होत्या, आलेल्यांपैकी किती जण आधी येऊन गेले होते, गेल्या वर्षीच्या शाळांपैकी किती पुन्हा आल्या, कोस्टर आणि पाण्याचे खेळ यांत गुंतवणूक कशी वाटली गेली. पहिले तीन आकडे वाढत राहिले आणि चौथ्यातला तोल पाण्याकडे झुकला नाही, तर इमॅजिका पोलादासकट टिकेल. ते घसरले, तर कर्ज नसलेल्या उद्यानालाही उतरती कळा लागायला फार वर्षे लागणार नाहीत.